तिसऱ्या पडद्यावरची सोलेआ

हेरेस, ११ जानेवारी १९९८

ती. सालूद आत्या यांस,
एलिसेओचा शि. सा. न. वि. वि.

तुमचे नाताळचे पत्र पोचले. तुम्हाला फोन ऐकू येत नाही हे एका परीने बरेच आहे. आमच्याकडचा फोन कोपऱ्यावरच्या बारमध्ये, आणि मी बोलायला लागलो की अख्खा सांतियागो मोहल्ला हातातले पत्ते खाली ठेवून कान देतो. आई बरी आहे. तिने तुमच्यासाठी बेर्साच्या रश्श्याचे भांडे लेब्रिहाला पाठवायचे ठरवले होते, पण पाठवायचे कोणाबरोबर यावर दोन दिवस वाद झाला आणि शेवटी ते आम्हीच खाल्ले. पिंपांच्या कारखान्यात माझे ठीक चालले आहे. मी प्रत्येक फळी दोनदा मोजतो म्हणून आठवड्याला एक पिंप कमी होते, असे मुकादम म्हणतो. माझ्या पिंपातून कधी गळत नाही, हे तो म्हणत नाही.

आता मूळ गोष्ट. कांदेलाचा फोटो ग्रानादाच्या वर्तमानपत्रात आला आहे, कात्रण सोबत जोडतो. तुमच्या मुलीच्या शेजारी ऊद, म्हणजे अरबांचे तंतुवाद्य, घेऊन बसला आहे तो समुद्रापलीकडच्या तेतुआनचा इद्रीस बेन्नूना. मागे टेबलावर संगणक घेऊन उभा आहे तो गोन्सालो. खाली लिहिले आहे की १४ मार्चला हे तिघे मिळून आजोबांची सोलेआ हे फ्लामेंको गाणे नव्या रूपात सादर करणार. म्हणजे सोलेआ आपली, त्यावर तेतुआनचा ऊद आणि खालून यंत्राची घरघर. आपल्या गाण्याच्या क्लबातले, पेन्यातले म्हातारे म्हणतात, हे म्हणजे मटणाच्या रश्श्यात बर्फ टाकण्यासारखे आहे.

फोटोत कांदेला इद्रीसच्या बोटांकडे बघते आहे. आत्या, बारा वर्षे मी तिच्या शेजारी बसून गिटार वाजवली. ती नेहमी डोळे मिटून गायली. माझ्या बोटांकडे तिने एकदाही पाहिले नाही. मला वाटायचे, तिला बघायची गरज पडत नाही. दोघांच्या खुर्च्यांमधले अंतर मी फूटपट्टीने मोजले. फोटोत ते एक सेंटीमीटर आणि तीन मिलिमीटर आहे. पेन्यात आमच्या दोघांत एक माणूस आरामात जाऊ शकत असे.

तुम्हाला ठाऊकच आहे, कांदेलाने मला कधी पट्टी सांगितली नाही. बसली की एवढेच म्हणायची, माझ्या जागी लाव. मग मी गिटारच्या मानेवरचा लाकडी चिमटा तिच्या पडद्यावर बसवायचो. सोलेआला तिसरा पडदा. सर्दी असली तर सूर खाली आणून दुसरा. फांदांगोला पाचवा. तिची जागा तिलाही माहीत नाही, फक्त मला माहीत आहे. आता तिथे तो बसणार.

तुम्ही तिला लिहा की आजोबांची सोलेआ अशी कुठेही नेऊ नये. तुमचे ती ऐकेल.

तुमची माया आहे तितकीच राहू द्या, कमी करू नका.
आपला भाचा,
एलिसेओ


लेब्रिहा, १७ जानेवारी

चि. एलिसेओ यास,
सालूद आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र चष्मा लावून दोनदा वाचले. माझ्या वडिलांच्या सोलेआची काळजी त्यात तीन ओळींत आहे आणि खुर्च्यांची काळजी पाच ओळींत. बाबा रे, मी बहिरी आहे, आंधळी नाही.

मी तिला काही लिहिणार नाही. ज्या लाकडी पेटीवर बसून आता आपली सगळी पोरं ठेका धरतात ना, ती पेरूहून आली तेव्हा हेच म्हातारे ओरडले होते. मी स्वतः ओरडले होते. आज विचार त्यांना, म्हणतील ती आमच्या पणज्याची. गाणे टिकायचे असेल तर टिकेल. ऊद त्याला खात नाही.

आणि एक सांगते, रागावू नकोस. तुला सोलेआ जाऊ नये असे वाटत नाही. कांदेला जाऊ नये असे वाटते. ती तर सप्टेंबरातच गेली. स्टेशनवर सोडायला आपण दोघेही गेलो होतो, आणि गाडी सुटली तेव्हा तू फलाटावर घड्याळ बघत उभा होतास. तेव्हा तोंडातून शब्द काढला असतास तर निदान ऐकायला कोणीतरी असते.

बेर्सा तुम्ही खाल्लात याचे वाईट वाटले. पुढच्या वेळी वाद थोडा उशिरा सुरू करा.

पोटभर जेव, आणि आत्यावरचा रुसवा रविवारपर्यंत संपव.
तुझी,
सालूद आत्या


ग्रानादा, २४ जानेवारी

प्रिय एली,
स. न. वि. वि.

माझ्याहून अवघा तीन वर्षांनी मोठा, आणि पत्राच्या डोक्यावर अनेक आशीर्वाद! बिशप झालास की काय? समास मात्र नेहमीसारखा सरळ. तुझे पत्र मी गोन्सालोला दाखवले. तो विद्यापीठात शिकला आहे, पण म्हणाला की असे पत्र त्याला जन्मात लिहिता येणार नाही. मी सांगितले, हा माझा मामेभाऊ सहावीनंतर शाळेत गेला नाही. माझी मान उगाच ताठ झाली.

तुझ्या सहा प्रश्नांची उत्तरे तुझ्याच अनुक्रमाने देते. एक, खोलीत थंडी आहे. दोन, जेवते. तीन, आईला दर आठवड्याला लिहिते. चार, इद्रीस सिगारेट ओढत नाही. पाच, त्याचे लग्न झालेले नाही. सहाव्याचे उत्तर तुला कशाला हवे?

आता जे तुला आवडणार नाही तेही लिहिते, नाहीतर दुसऱ्याकडून ऐकशील. सोलेआत गिटार नाही. मी खूप विचार केला. गिटार आली की मला तू ऐकू येतोस, आणि मग मी हेरेसमधल्यासारखीच गाते. मला एकदा तरी बघायचे आहे की तुझ्याशिवाय मी कशी वाटते. हे वाईट अर्थाने घेऊ नकोस. घेशीलच म्हणा.

पण तुझ्यावाचून अडलेच. परवा इद्रीसने विचारले, तुझी पट्टी कुठली? मला कुठे माहीत? मी म्हटले, ते एलिसेओला विचार, माझी जागा त्याच्याकडे आहे. तो तुला लिहील. त्याला लवकर उत्तर दे आणि शहाण्यासारखे दे.

आठवण ठेव. मी ठेवते, पण तुझ्याइतकी नीटनेटकी नाही.
तुझी,
कांदेला


ग्रानादा, २६ जानेवारी

श्री. एलिसेओ यांस,
इद्रीस बेन्नूनाचा सलाम व आदरपूर्वक नमस्कार.

आपली ओळख नाही, तरी लिहिण्याचे धाडस करतो. कांदेला आपल्याबद्दल इतके बोलते की पत्ता विचारावा लागला नाही, रस्ता आणि दाराचा रंगसुद्धा तोंडपाठ झाला आहे.

माझी अडचण अशी. माझ्या वाद्याला पडदे नाहीत, त्यामुळे मी कुठेही जुळवून घेईन. पण गोन्सालो यंत्रात जे खर्जाचे सूर भरणार आहे ते एकदा भरले की वर-खाली करणे फार जिकिरीचे. म्हणून सुरुवातीलाच नेमकी जागा कळायला हवी. सोबत तीन गाण्यांची नावे दिली आहेत. प्रत्येकापुढे आपण पडद्याचा आकडा लिहावा.

आमच्याकडे म्हणतात की गाणाऱ्याचा श्वास ज्याला ठाऊक, तो घरचाच. त्या नात्याने आपण माझे वडीलधारे आहात. काही चुकत असेल तर कळवावे.

आपल्या भेटीची वाट पाहणारा,
इद्रीस


हेरेस, ३० जानेवारी

श्री. इद्रीस बेन्नूना यांस,
स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. माहिती पुढीलप्रमाणे.

फांदांगो: पाचवा पडदा.
तांगो: चौथा पडदा.
सोलेआ: पाचवा पडदा.

आकडे वहीवरून तपासून घेतले आहेत.

कळावे,
एलिसेओ


ग्रानादा, २१ फेब्रुवारी

प्रिय एली,
स. न. वि. वि.

हे पत्र आईला दाखवू नकोस. माझ्या गळ्याला काहीतरी झाले आहे.

फांदांगो जमतो. तांगो जमतो. सोलेआ घेतली की दुसऱ्याच ओळीत गळ्याला दोरी बांधल्यासारखे होते. आजोबा ज्या शेवटच्या शब्दावर वर जाऊन थांबायचे, तिथे मी पोचते ते ओरडून, आणि खाली येताना आवाज फाटतो. जी सोलेआ मी नऊ वर्षांची असल्यापासून गाते आहे, एली! डॉक्टरने आरसा घालून पाहिले आणि काही नाही म्हणाला. म्हणजे जे आहे ते त्याला दिसत नाही. सिगारेट सोडली. मध खाऊन खाऊन शिसारी आली. आईचे कान चाळिशीत गेले. माझा गळा बाविसाव्या वर्षीच जाणार असेल तर काय करू?

इद्रीस बिचारा रोज म्हणतो, जरा खाली आणून बघू या. काल मी त्याच्यावर खेकसले. म्हटले, एलिसेओने पाच लिहिले आहे ना, मग पाचच. तो माणूस लाकडाची फळी दोनदा मोजतो. बारा वर्षे माझी जागा त्याने सांभाळली. बिघडला असेल तर माझा गळा बिघडला, त्याचा आकडा नाही.

मी ठरवत आणले आहे की १४ मार्चला गायचे नाही. त्यांना दुसरी कोणी मिळेल. मी हेरेसला येते. शनिवारी पेन्यात, तुझ्या शेजारी, झेपतील तेवढी लहान गाणी गाईन. घेशील ना मला? तुझ्याशिवाय कशी वाटते ते बघायचे होते. बघून झाले.

दोन ओळी तरी लिही, आज मला त्यांची भूक आहे.
तुझी,
कांदेला


लेब्रिहा, २७ फेब्रुवारी

चि. एलिसेओ यास,
आशीर्वाद.

कांदेला दोन दिवस येऊन गेली. माझ्याशी काही बोलली नाही, पण माझ्याशी न बोलणे सोपे नाही, मी तोंडाकडेच बघत असते. शेवटी तिला स्वयंपाकघरात उभी केली आणि सांगितले, ग्रानादात गातेस तशी सोलेआ गा. तिने खिशातून एक शिट्टी काढली, गोन्सालोने दिलेली, तिच्यावर सूर घेतला आणि गायली. मी तिच्या गळ्यावर पंजा ठेवला.

माझ्या वडिलांची सोलेआ छातीत थरथरते, मग हळूहळू मानेपर्यंत चढते. मला ते हाताला पाठ आहे. या पोरीची पहिल्या ओळीपासूनच हनुवटीखाली थरथर. शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून शिडी चढल्यासारखे. गळा दुखणाऱ्या माणसाचा असा नसतो. हा चुकीच्या जागी लावलेला गळा आहे.

म्हटले, ही जागा तुला कोणी दिली? तर तुझे नाव घेतले, आणि वर मलाच समजावू लागली की एलिसेओ चुकत नाही.

मीही तिला तेच म्हटले, की एलिसेओ चुकत नाही. तिला त्याचा अर्थ कळला नाही. तुला कळेल.

मी तिला अजून काही सांगितलेले नाही. ते माझे काम नाही. टपाल ग्रानादाला दोन दिवसांत पोचते.

आत्या


हेरेस, २ मार्च

कांदेला,

आशीर्वाद लिहिण्याचा मला आज अधिकार नाही, म्हणून नुसते नाव लिहिले आहे.

सोलेआला तुझी जागा तिसऱ्या पडद्यावर आहे. नेहमी तिथेच होती. पाचवा मी जाणूनबुजून लिहिला. तुझ्या गळ्याला काहीही झालेले नाही.

हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितो आहे. आधीच्या दोन्हींत चूक झाली असे लिहिले होते. वाचून पाहिले तर ते खोटे होते, म्हणून फाडली. इद्रीसचे पत्र आले तेव्हा मी ते कारखान्यात वाचले. तुझी जागा त्याने इतक्या अदबीने मागितली होती की मला त्याला नाही म्हणता आले नाही, आणि द्यायचीही नव्हती. मला वाटले, दोन दिवस ओढाताण होईल, ऊद तुझ्या गळ्याला मानवत नाही असे तूच म्हणशील आणि सोडून देशील. तू स्वतःच्या गळ्याला दोष देशील हे माझ्या डोक्यात आले नाही. यायला हवे होते. फळीचे एवढे मोजमाप करणाऱ्याला एवढे तरी मोजता यायला हवे.

आणखी एक लिहितो, कारण नुसता आकडा सांगितला तर निम्मेच सांगितल्यासारखे होईल. तुझे २१ तारखेचे पत्र वाचून मला आधी आनंद झाला. तू परत येणार म्हणून. ते पत्र पाच दिवस माझ्या खिशात होते. शनिवारी मी पेन्यात लवकर जाऊन दोन खुर्च्या लावून पाहिल्या. आधीपेक्षा जवळ लावल्या. मग आत्यांचे पत्र आले.

तीन. कृपा करून आजच इद्रीसला सांग. त्याच्यासाठी वेगळी चिठ्ठी सोबत ठेवली आहे, तिच्यात सगळे कबूल केले आहे.

लोभ ठेव असे लिहायची माझी हिंमत नाही. गा, एवढेच.
एलिसेओ


ग्रानादा, १८ मार्च

एलिसेओ यास,
स. न. वि. वि. हे सवयीने लिहिले, फार अर्थ काढू नकोस.

चौदा तारीख पार पडली. सोलेआ तिसऱ्या पडद्यावर गायले. सभागृह भरले होते. शेवटच्या शब्दावर थांबले तेव्हा कोणी ‘ओले!’ अशी दाद दिली नाही, श्वासही घेतला नाही. आपल्याकडे तो सगळ्यात मोठा ओले असतो हे तुला माहीत आहे.

इद्रीसने ऊदचा सूर उतरवायला एक तास घेतला. गोन्सालोला यंत्रातले सगळे नव्याने रचायला तीन दिवस लागले. त्याच्या मातृभाषेत, कातालानमध्ये, शिव्या किती आहेत ते मला आता कळले. मी दोघांना सांगितले की माझा गळाच खाली बसला. तुझी चिठ्ठी मी इद्रीसला दिली नाही. इतक्या सुबक अक्षरातली कबुली वाचून त्याने तुला माफ केले असते, आणि ते मला नको होते. ही माझीही माफी नव्हे. घरातला केर मी परक्याच्या अंगणात टाकत नाही, एवढेच.

तीन आठवडे मी रोज रात्री गळा दाबून पाहत होते, एली. मला तुझ्या खुर्च्यांची दया येते, पण त्याहून जास्त माझी येते.

माझीही चूक होती. माझी जागा माझ्याकडे नव्हती. गाणारीने आकडा विचारायचा नसतो, ते गिटारवाल्याचे काम, असे आपल्याकडे म्हणतात आणि मला त्याचे कौतुक वाटायचे. आता मी इद्रीसच्या समोर बसून एकेक गाणे घेतले आणि प्रत्येकाची जागा शोधून तिचा आकडा पाठ केला. जागा ऋतूप्रमाणे हलते, वयाप्रमाणे हलते, हेही कळले. हे तुला बारा वर्षे माहीत होते आणि तू मला एकदाही सांगितले नाहीस. पाचव्या पडद्यापेक्षा मला हेच जास्त लागले.

तुझ्या बहिणीच्या बाळाची मी धर्ममाता आहे, त्यामुळे १९ एप्रिलला बाप्तिस्म्यासाठी लेब्रिहाला येणारच. इद्रीसही येईल. आईने फर्मान काढले आहे की मी गायचे आणि तू वाजवायचे. आईपुढे कोणाचे चालत नाही. पण पडदा मी सांगेन. तू लावायचा.

तोवर पत्र नको.
कांदेला


हेरेस, २३ एप्रिल

ती. सालूद आत्या यांस,
एलिसेओचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी तुमच्या घरी माझे फार कौतुक झाले, त्याला मी पात्र नव्हतो. बाळाने पाद्रीबाबांचा चष्मा ओढला ही गोष्ट आई अजून सांगते आहे, आणि दर वेळी चष्मा थोडा आणखी लांब उडतो.

तुमचा प्रश्न आला. सोलेआच्या आधी माझा हात गिटारवर मध्येच अडला तो का, आणि कांदेला काय म्हणाली, हे तुम्हाला दिसले पण कळले नाही, कारण तिने तोंड तिकडे फिरवले होते. सांगतो.

ती बसली. मी नेहमीसारखा चिमटा तिसऱ्या पडद्यावर नेला. हात आपोआप गेला, मी नेला नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “चार.”

बारा वर्षांत तिच्या तोंडून मी पहिल्यांदा आकडा ऐकला. माझ्या मनात आले की हिला सांगावे, चार नव्हे, तीन. ग्रानादातही तिनावरच गायली होती, तिने स्वतः लिहिले होते. मग मनात आले की ती मला शिक्षा करते आहे, स्वतःचा गळा पणाला लावून. मी तिच्याकडे पाहिले. तिने दुसऱ्यांदा सांगितले नाही. मी चार लावले.

तुम्ही तिच्या गळ्याकडे बघत होतात, म्हणून तुम्हाला माझ्या आधी कळले असणार. आवाज कुठेही अडला नाही. छातीतून निघाला, सावकाश चढला, शेवटच्या शब्दावर थांबला आणि मोकळा खाली आला. चार बरोबर होते. तीन लावले असते तर गाणे थोडे झोपले असते. आत्या, तिची जागा बदलली आहे. कधी बदलली ते मला माहीत नाही. तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो.

इद्रीस भिंतीशी उभा राहून टाळ्यांचा ठेका देत होता. त्याने एखादी टाळी चुकवावी असे मला दोनदा वाटले. त्याने चुकवली नाही. तो चांगला माणूस आहे, हे मी रागातच लिहितो आहे. निघताना त्याने मला ग्रानादाला यायचे आमंत्रण दिले. कांदेला शेजारी होती. तिने ये म्हटले नाही आणि नको असेही म्हटले नाही, फक्त माझ्या गिटारच्या पेटीची एक कडी उघडी होती ती लावून दिली.

मी घरी येऊन वही काढली. सोलेआपुढचा तीन खोडून चार लिहायला बसलो आणि लिहिले नाही. तो आकडा आता तिने सांगितल्यावरच लावायचा आहे, लिहून ठेवण्यासारखा राहिलेला नाही.

आई म्हणते, पुढच्या वेळी बेर्सा मी स्वतः घेऊन येईन. मी हो म्हटले आहे. कांदेला कधी येणार हे तुम्ही मला आधी कळवू नका, नाहीतर मी त्याच दिवशी येईन.

ज्याच्यावर माया करणे सध्या थोडे कठीण आहे, असा
आपला भाचा,
एलिसेओ